परक्या देशातील आपले घर

१८८३ च्या जून महिन्यात अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय विवाहिता न्यूयॉर्कच्या बंदरात बोटीतून उतरली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. तिला उतरवून घेण्यासाठी न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. त्या दोघींची तोपर्यंत कधीही भेट झालेली नव्हती. काही वर्षांपूर्वी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना श्रीमती कार्पेंटर यांनी एक मासिक सहज चाळले. त्यात गोपाळराव जोशी यांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणाविषयी लिहिलेले पत्र त्यांच्या वाचनात आले. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि पत्रव्यवहारातून जिव्हाळा उत्पन्न झाला. फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे सत्र सुरू होईपर्यंत आनंदीबाई याच कुटुंबात राहिल्या. लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही आणि त्या घरानेही तो सोडावयास सांगितले नाही. श्रीमती कार्पेंटर त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. १८८६ साली आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे अकाली निधन झाले. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेस पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबीयांच्या दफनभूमीत तिला स्थान मिळाले. परक्या घरची मुलगी त्या घराने अखेरपर्यंत आपली मानली, याची साक्ष तो दगड आजही देत आहे.

आनंदीबाईंच्या काळी अशा वास्तव्याची कोणतीही योजना अस्तित्वात नव्हती. एका पत्राच्या आधारावर सर्व काही घडून आले. आज मात्र शालेय विद्यार्थ्यांनी एक वर्ष परदेशात जाऊन तेथील कुटुंबात राहावे आणि तेथील शाळेत शिकावे, यासाठी नियमबद्ध योजना आहेत. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आहे. या योजना कशा आकारास आल्या, त्यांचे कार्य कसे चालते आणि परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याची माहिती पालकांना व विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरावी.

रुग्णवाहिकांपासून शाळांपर्यंत

विद्यार्थ्यांना कुटुंबात ठेवण्याची कल्पना दोन महायुद्धांच्या दरम्यान मूळ धरू लागली. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थाने तरुणांना परदेशी नेण्याचा एक उपक्रम सुरू केला. परदेशातील प्रेक्षणीय स्थळे पाहण्यापेक्षा तेथील लोकांच्या घरी राहिल्याने तो देश अधिक समजतो, हे या उपक्रमाचे सूत्र बनले. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या संस्थेचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे तरुणपणी याच उपक्रमातून जर्मनीत राहून आले होते.

दुसरी परंपरा प्रत्यक्ष रणभूमीवर जन्मास आली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये अमेरिकन स्वयंसेवकांचे एक रुग्णवाहिका पथक उभे राहिले. त्याचे नाव ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, संक्षेपाने ‘एएफएस’. जखमी सैनिकांना आघाडीवरून रुग्णालयात पोहोचविणे हे त्याचे कार्य. दुसऱ्या महायुद्धातही या स्वयंसेवकांनी तीच सेवा बजावली. युद्ध संपल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आता पुढे काय? ज्यांनी तरुणांची प्रेते वाहिली होती, त्यांना असे वाटले, की निरनिराळ्या देशांतील मुले लहानपणीच एकमेकांच्या घरी राहिली, तर एकमेकांवर शस्त्र उगारण्याची बुद्धी त्यांना सहसा होणार नाही. स्टीफन गॅलाटी यांच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ या शैक्षणिक वर्षात दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. पुढे अमेरिकन विद्यार्थीही परदेशी जाऊ लागले आणि एकाच दिशेने वाहणारा हा प्रवाह दुहेरी झाला.

पुढील काळात शासनांनीही या कार्यात लक्ष घातले. १६८३ साली जर्मन स्थलांतरितांचा पहिला गट अमेरिकेत स्थायिक झाला, त्या घटनेस तीनशे वर्षे पूर्ण होत असताना १९८३ साली अमेरिकन काँग्रेस व जर्मन बुंडेस्टाग या दोन संसदांनी मिळून युवक विनिमय योजना सुरू केली. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकन काँग्रेसने २००२ साली आणखी एक योजना आखली. मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतील शालेय विद्यार्थ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन अमेरिकन कुटुंबांत ठेवण्याची ही योजना पुढे सेनेटर केनेडी व सेनेटर लुगार यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळाला. या दोहोंखेरीज रोटरी क्लबांचा युवक विनिमय कार्यक्रम महाराष्ट्रातील शहरांना विशेष परिचित आहे. वर्षभराच्या मुक्कामात विद्यार्थ्याने बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत राहावे, अशी त्याची प्रथा आहे. निरनिराळ्या देशांच्या बिल्ल्यांनी भरलेला कोट अंगावर घालून हिंडणारी मुले या कार्यक्रमातीलच असतात.

घराची निवड

‘अनोळखी माणसांच्या घरी मूल कसे पाठवावे?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. या बाबतीत अमेरिकेतील नियमांचे उदाहरण घेता येईल. शालेय विनिमय विद्यार्थ्यांसाठी ‘जे-१’ नावाचा व्हिसा देण्यात येतो. त्या योजनेखाली यजमान कुटुंबास विद्यार्थ्याला ठेवून घेतल्याबद्दल पैसे देता येत नाहीत. कुटुंबाने आपल्या इच्छेने आणि आपल्या खर्चाने मुलास घरात घ्यावयाचे असते. कर आकारणीत महिन्यास ५० डॉलरपर्यंतची वजावट काही अटींवर मिळते. परंतु वर्षभर एका वाढत्या मुलाचे पोट भरणाऱ्या घरास ती रक्कम नाममात्रच म्हटली पाहिजे.

कुटुंबाची निवड करताना संस्थेच्या प्रतिनिधीने त्या घरी समक्ष जाऊन सर्व सभासदांची मुलाखत घ्यावी लागते. घरातील प्रौढ व्यक्तींची गुन्हेविषयक पूर्वतपासणी होते. घराचा बाह्य भाग, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, स्नानगृह आणि विद्यार्थ्याची खोली यांची छायाचित्रे घेतली जातात. विद्यार्थ्यास स्वतंत्र पलंग असला पाहिजे आणि तो हवा भरून फुगवावयाचा किंवा घडी घालून सोफा करावयाचा नसावा, इतक्या बारकाव्याने नियम लिहिलेले आहेत. खोलीत दुसरे कोणी राहणार असल्यास तशी एकच व्यक्ती असावी आणि ती समलिंगी असावी, असाही दंडक आहे. विद्यार्थी घरी आल्यानंतर पहिल्या एक-दोन महिन्यांत दुसऱ्या एका प्रतिनिधीने त्या घरास पुन्हा भेट द्यावयाची असते. याखेरीज स्थानिक समन्वयकाने विद्यार्थ्याशी आणि कुटुंबाशी दरमहा संपर्क ठेवणे बंधनकारक आहे.

विद्यार्थ्यावरही मर्यादा असतात. या योजनेत मुक्काम फार तर दोन सत्रांचा, म्हणजे एका शैक्षणिक वर्षाचा असतो. नियमित नोकरी करता येत नाही. शेजाऱ्यांचे मूल सांभाळणे किंवा अंगणातील गवत कापणे यांसारखी प्रासंगिक कामे तेवढी चालतात. मोटार चालविण्यास बहुतेक संस्था मनाई करतात.

येथे एका फरकाकडे पालकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. काही विद्यार्थी निराळ्या व्हिसावर, शाळेची पूर्ण फी भरून परदेशी जातात. त्यांची राहण्याची सोय पुष्कळदा दरमहा पैसे घेणाऱ्या घरी केली जाते. ती व्यवस्था गैर नव्हे. तथापि तिला विनिमय म्हणता येणार नाही आणि तिला वर सांगितलेले नियमही लागू होत नाहीत. एखादा मध्यस्थ ‘विनिमय कार्यक्रम’ म्हणून माहितीपत्रक पुढे ठेवील, तेव्हा व्हिसा कोणत्या प्रकारचा, कुटुंबास मोबदला मिळतो किंवा नाही आणि अडचणीच्या वेळी जबाबदार कोण, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

पाहुणा की घरचा?

विद्यार्थी ऑगस्ट महिन्यात यजमानांच्या दारात उभा राहतो, तेव्हा खरे शिक्षण सुरू होते. महाराष्ट्रीय घरातून गेलेल्या मुलास पहिली अडचण येते ती संबोधनाची. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसास काका, मावशी, आजोबा म्हटल्यावाचून तोंडातून शब्द फुटत नाही. तेथे पन्नाशीतील गृहिणी हसतमुखाने सांगते, की मला नावानेच हाक मार. मुलास ते उद्धटपणाचे वाटते आणि कित्येक दिवस तो कोणत्याच नावाने हाक न मारता काम भागवितो. काही घरांत कालांतराने ‘मॉम’ व ‘डॅड’ हे शब्द आपोआप रूढ होतात. काही घरांत होत नाहीत. दोन्हींत वावगे काही नाही. पहिल्याच दिवशी ‘मी आपल्याला काय म्हणावे?’ असे सरळ विचारून घेणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

दुसरी अडचण ‘नको’ या शब्दाची. आपल्याकडे पानावर वाढणाऱ्यास पहिल्या खेपेस ‘नको’ म्हणणे हा शिष्टाचार आहे आणि त्यावर आग्रह करणे हे यजमानाचे कर्तव्य. अमेरिकन घरात ‘नको’ म्हणजे नको. तेथे पुन्हा विचारणे हे समोरच्या माणसाच्या शब्दावर अविश्वास दाखविण्यासारखे समजले जाते. परिणामी मराठी मुलगा सभ्यपणे नकार देतो, यजमान तितक्याच सभ्यपणे भांडे उचलून ठेवतात आणि मुलगा रात्री उपाशी झोपतो. दोघांच्याही मनात काही वाईट नसते. संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवण उरकलेले असल्यामुळे रात्री नऊ वाजता भूक लागते, तेव्हा फ्रीज उघडण्याचा धीर होत नाही. ‘या घरात हवे ते घेऊन खा’ असे यजमानांनी सांगितलेले असते. पण ते शब्द खरोखर तशाच अर्थाने उच्चारलेले आहेत, हे समजावयास आठवडे लागतात.

शाकाहारी मुलांच्या बाबतीत अधिक स्पष्टता लागते. शाकाहार म्हणजे केवळ गोमांस वर्ज्य, असा समज तेथे काही ठिकाणी आढळतो. अंडी चालतात काय, मांसाच्या रश्शात शिजविलेली भाजी चालते काय, प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेले जिलेटिन मिठाईत असले तर काय, या सर्व बाबी अर्जातच लिहून द्याव्यात. मुलास वरणभात, खिचडी व पोहे करता येत असतील, तर ही अडचण निम्म्याने कमी होते. शिवाय आठवड्यातून एकदा सबंध घरासाठी स्वयंपाक करणारा पाहुणा हा कोणत्याही देशात फार दिवस पाहुणा राहत नाही.

तिसरी बाब घरकामाची. जेवणानंतर ताटे उचलणे, ती यंत्रात लावणे, ठरलेल्या दिवशी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणे, आपले कपडे आपण धुणे, बर्फ पडल्यास फावड्याने वाट मोकळी करणे, ही कामे घरातील मुले करतात आणि विनिमय विद्यार्थ्यानेही ती करावीत अशी अपेक्षा असते. ज्या घरी मोलकरीण येते आणि मुलाने फक्त अभ्यास करावा असे मानले जाते, त्या घरातून गेलेल्या मुलास प्रथम हा अपमान वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः काम सांगितले जाणे ही आपण घरचे झाल्याची खूण आहे. पाहुण्यास कोणी कचरा टाकावयास सांगत नाही.

बंद दार आणि हातातील फोन

पहिल्या महिन्यातील नवलाई ओसरली, की ऑक्टोबरच्या सुमारास अनेकांना घरची ओढ लागते. दिवस लहान होऊ लागतात, थंडी वाढते आणि नेमकी त्याच वेळी महाराष्ट्रात दिवाळी येते. शाळेला सुटी नसते. दारात पणती नसते. अशा वेळी मूल आपल्या खोलीचे दार लावून बसते आणि घरच्यांशी तासन्‌तास बोलत राहते. पूर्वी विमानटपालाने पत्र जावयास आठवडा लागे आणि उत्तर येईपर्यंत दुःखाचा वेग ओसरलेला असे. आता मोबाइलवर आई समोर दिसते. ही सोय मोठी आहे. परंतु रोज दोन तास मनाने पुण्यात किंवा नाशिकात राहणाऱ्या मुलास ओहायो किंवा आयोवा कधीच भेटत नाही, असा अनुभव आहे. त्यामुळे आठवड्यातून ठराविक वेळीच घरी बोलावे, असा सल्ला संस्था देतात.

लावलेल्या दाराचाही एक अर्थ असतो. यजमानांच्या दृष्टीने सतत बंद असलेले दार म्हणजे नाराजी. मुलाच्या दृष्टीने ते रडू लपविण्याचे साधन. दोन्ही बाजू एकमेकांच्या भावना जपण्यासाठी गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्यातूनच दुरावा वाढतो. ‘मला आज घरची आठवण येत आहे’ हे एक वाक्य जेवणाच्या टेबलावर उच्चारले गेले, तर पुढचे पुष्कळ टळते. ज्या मुलांनी यजमान कुटुंबासह खिडकीत पणत्या लावल्या, त्यांना नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणास टेबलाभोवती बसलेल्या आजी-आजोबांत परकेपणा वाटला नाही.

तथापि प्रत्येक अडचण ही गैरसमजाची नसते. क्वचित निवड चुकते. घरात नित्य कलह असतो, पोटभर अन्न मिळत नाही, मुलास केवळ लहान भावंडे सांभाळण्यासाठी राबविले जाते किंवा कोणाच्या वर्तनामुळे असुरक्षित वाटते. अशा प्रसंगी गप्प बसणे हा चांगुलपणा नव्हे. सोसणे हा सद्‌गुण म्हणून आपल्या मुलांना, त्यातही मुलींना शिकविला जातो. पण येथे तो घातक ठरू शकतो. स्थानिक समन्वयकास तत्काळ कळवावे, त्याने दखल घेतली नाही तर संस्थेच्या कार्यालयास कळवावे. विद्यार्थ्याजवळ जे ओळखपत्र दिलेले असते, त्यावर यासाठीच दूरध्वनी क्रमांक असतात. कुटुंब बदलून देण्याची तरतूद नियमांतच आहे आणि कुटुंब बदलणे म्हणजे अपयश नव्हे. निघण्यापूर्वी पालकांनी मुलास हे स्वच्छ शब्दांत सांगावे, की ‘तू काहीही सांगितलेस तरी आम्ही तुला दोष देणार नाही.’ परदेशी नेण्याच्या सामानात या आश्वासनाइतके मोलाचे दुसरे काही नाही.

एक वर्ष गेले की मिळाले?

महाराष्ट्रात दहावी आणि बारावी या दोन परीक्षांभोवती घराचे पंचांग फिरत असते. विनिमयाचे वर्ष बहुधा त्यांच्या मध्येच येते. परदेशातील शाळेत त्या वर्षी घेतलेले विषय येथील अकरावीच्या अभ्यासक्रमाशी जुळतीलच असे नाही. विनिमय विद्यार्थ्यास पदविका देण्याचे अमेरिकेतील अनेक शाळा नाकारतात. म्हणून जाण्यापूर्वीच कनिष्ठ महाविद्यालय आणि संबंधित मंडळ यांच्याकडून ते वर्ष धरले जाईल किंवा पुन्हा करावे लागेल, याविषयी लेखी खुलासा घ्यावा. परत आल्यावर वर्ष ‘वाया गेले’ असे म्हणण्याची पाळी येऊ नये, यासाठी वर्ष पुन्हा करण्याची मानसिक तयारी ठेवूनच निर्णय घेणे शहाणपणाचे होय.

त्या वर्षात जे मिळते ते गुणपत्रिकेत दिसत नाही. मराठी माध्यमाच्या मुलास पुस्तकातील इंग्रजी येत असते, विनोद समजत नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास एके दिवशी तो जेवणाच्या टेबलावर सर्वांबरोबर हसतो आणि आपण भाषांतर न करता हसलो, हे नंतर त्याच्या लक्षात येते. शाळेत भारताविषयी विचारले जाणारे प्रश्न प्रारंभी त्यास चीड आणतात. उत्तरे देता देता त्यास उमगते, की आपल्या गावाविषयी, भाषेविषयी, सणांविषयी आपल्यालाही पुरेसे ठाऊक नाही. गणपतीचे विसर्जन का करतात, या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना कित्येकांनी आजीस प्रथमच मनापासून प्रश्न विचारलेले असतात.

परत येणे हाही एक प्रवासच असतो. घर तेच असते, मूल बदललेले असते. ते आपले ताट स्वतः विसळते, आईस ‘थँक्यू’ म्हणते आणि आई म्हणते, ‘आता घरच्यांचेही आभार का?’ पूर्वी ज्या गोष्टी खुपत नव्हत्या त्या खुपू लागतात. काही महिने असे जातात. या काळात पालकांनी थट्टा न करता ऐकून घेतले, तर दोन घरांचे संस्कार मुलाच्या ठायी सुखाने नांदू लागतात.

दुसरी बाजू

विनिमय या शब्दातच देणे आणि घेणे दोन्ही आहे. आपली मुले परक्या घरी जावीत आणि परक्यांची मुले आपल्या घरी येऊ नयेत, हा न्याय नव्हे. परदेशातून महाराष्ट्रात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हेच सर्व प्रश्न उलट्या बाजूने उभे राहतात. दारात चपला काढणे, उजव्या हाताने जेवणे, स्वतंत्र खोली नसणे, न विचारता खोलीत येणारी माणसे आणि तीनदा ‘नको’ म्हटल्यावरही पानात पडणारी पुरणपोळी यांनी तो गोंधळून जातो. त्यास समजून घेणाऱ्या आजीस इंग्रजीचे एक अक्षरही येत नसले तरी चालते.

एखादे मूल घरी ठेवून घेण्यास मोठे घर लागत नाही. एक स्वतंत्र पलंग, एक अभ्यासाची जागा आणि ‘हे आपलेच’ असे म्हणण्याची तयारी एवढे पुरते. रोझेल येथील एका गृहिणीने १८८३ साली हीच तयारी दाखविली आणि पहिल्या महाराष्ट्रीय महिला डॉक्टरचा मार्ग सुकर झाला. तिचे ते ऋण फेडण्याची संधी आज महाराष्ट्रातील प्रत्येक घरास उपलब्ध आहे.